सभागृहातील निरोपे

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात युवक संसदेचा कार्यक्रम झाला, तो अनेकांच्या स्मरणात असेल. प्रधानमंत्री कोण, विरोधी पक्षनेता कोण, यावरून राज्यशास्त्राच्या वर्गात दोन दिवस चांगलीच ओढाताण झाली. खाती वाटून झाली, अध्यक्ष ठरले, मार्शल ठरले, आणि अगदी शेवटी कोणाच्या तरी ध्यानात आले की सदस्यांच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे न्यावयास कोणीच नाही. ते काम माझ्याकडे आले. मी नाही म्हटले नाही. पण मनातून फार वाईट वाटले. कारण ते काम मला नवे नव्हते. माझे वडील संग्रामपूर तालुक्यातील एका ग्रामपंचायतीत शिपाई आहेत. गावात त्यांना पंचायतीचे चपराशी म्हणतात. घरी जे पाहत आले तेच महाविद्यालयातही माझ्याच वाट्याला यावे, ही गोष्ट मला लागली.

कार्यक्रम संपल्यावर हे मी आमच्या सरांजवळ बोलून दाखविले. ते हसले नाहीत. अमेरिकेच्या सिनेटमध्ये हेच काम मिळावे म्हणून सोळा-सतरा वर्षांची मुलेमुली देशाच्या कानाकोपऱ्यांतून अर्ज करतात, त्यांच्याविषयी वाच, एवढेच त्यांनी सांगितले. वाचनालयात व इतरत्र जे मिळाले ते वाचले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

या मुलांना इंग्रजीत 'पेज' म्हणतात. आपल्याकडे पेज म्हटली की आजाऱ्याला द्यावयाची कण्यांची पेज आठवते, आणि पुस्तकाचे पान म्हणावे तर तेही नव्हे. राजेरजवाड्यांच्या पदरी सेवेला असलेल्या मुलाला युरोपात हे नाव होते. आपल्या पेशवाईत हुजरे, खिजमतगार अशा सेवकवर्गाला शागीर्दपेशा म्हणत, त्यातलाच तो प्रकार. दरबार गेले, लोकसभा आल्या, पण शब्द तोच राहिला. मी या लेखापुरता 'निरोप्या' हा साधा शब्द वापरते.

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिची सभागृहे दोन, सिनेट आणि प्रतिनिधिगृह. सिनेटमध्ये पहिला निरोप्या नेमला गेला १८२९ साली. त्याचे नाव ग्राफ्टन हॅन्सन आणि वय अवघे नऊ वर्षे. डॅनियल वेबस्टर या त्या काळच्या नामांकित सिनेटरने त्याला निवडले. १८३१ मध्ये दुसरा मुलगा आला, आयझॅक बॅसेट. याचे वडील सिनेटमध्येच निरोप पोचविण्याचे काम करीत. हे वाचताना मी क्षणभर थांबले, हे वेगळे सांगावयास नको. शिपायाचा मुलगा शिपाई झाला, एवढ्यावर ही गोष्ट संपली असती. पण बॅसेट तेथेच वाढला, पुढे सहायक द्वारपाल झाला, आणि १८९५ मध्ये वारला तेव्हा त्याची सिनेटमधील सेवा चौसष्ट वर्षांची झाली होती. एवढ्या काळात कितीतरी राष्ट्राध्यक्ष आले नि गेले. अधिवेशनाची मुदत संपत आली आणि कामे उरली की लांब काठीने भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मागे सारण्याचे कामही त्याच्याकडे असे. कायद्याने वेळ ठरविलेली आणि तो काटा हलविणारा हात एका माजी निरोप्याचा, ही गंमत मला मोठी वाटते.

त्याची दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. १८६१ साली यादवी युद्धाला तोंड लागले. दक्षिणेचे नेते जेफर्सन डेव्हिस सिनेट सोडून गेले होते आणि उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्सचे सैनिक त्याच इमारतीत उतरले होते. त्यांनी डेव्हिस यांचे मेज ओळखून त्यावर संगिनी चालविल्या. बॅसेटने धावत जाऊन त्यांना थोपविले. हे मेज डेव्हिसचे नाही, सरकारचे आहे, आणि तुम्ही सरकारी मालमत्ता राखण्यासाठी आला आहात, असे त्याने त्यांना समजावले. त्या मेजाला पुढे लाकडाचे ठिगळ बसविले. माणसे येतात, जातात, भांडतात; आसन मात्र सभागृहाचे असते. हे त्या सैनिकांना कोणा सिनेटरने नव्हे, लहानपणापासून त्या आसनांपाशी वावरलेल्या माणसाने सांगितले.

या मुलांचे काम तरी काय असे? पूर्वी दौतीत शाई भरावयाची, लेखण्या ठेवावयाच्या, घोड्यावर बसून सरकारी कचेऱ्यांत पत्रे पोचवावयाची. आता सभागृह भरण्यापूर्वी प्रत्येक सिनेटरच्या मेजावर त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका व विधेयकाच्या प्रती मांडावयाच्या, बोलणाऱ्यासाठी कागद ठेवण्याची छोटी घडवंची आणून द्यावयाची, तक्ते उभे करावयाचे, दुरुस्तीचा कागद सचिवांच्या मेजापर्यंत न्यावयाचा, पाणी द्यावयाचे. उरलेला वेळ अध्यक्षांच्या आसनाखालील पायऱ्यांवर बसून राहावयाचे आणि कोणी खूण करताच उठावयाचे. पाण्यावरून एक किस्सा आहे. १९६६ साली डर्कसन नावाच्या सिनेटरने भर सभागृहात नियमाचा प्रश्न विचारला : एखाद्या निरोप्याला उपाहारगृहात पाठवून मी पेलाभर दूध मागविले तर नियमभंग होईल काय? नियमांत दुधाला मनाई नाही, असा निर्णय मिळाला. तेव्हापासून सिनेटमध्ये पाण्याच्या जोडीला दूधही चालते.

आज सिनेटमध्ये एका वेळी सुमारे तीस निरोपे असतात. मुले आणि मुली दोन्ही. निळा गणवेश, राहावयास वेबस्टरच्याच नावाचे वसतिगृह, आणि त्याच इमारतीत शाळा. शाळा पहाटे सव्वासहाच्या सुमारास सुरू होते, कारण त्यानंतर सभागृहात हजर व्हावयाचे असते. सभागृह रात्री उशिरापर्यंत चालले तर मुलेही बसून. पहाटे शेतावर जाऊन मग शाळेत येणाऱ्या आपल्याकडील मुलांना याचे फारसे नवल वाटणार नाही. पण तेथे हे सारे हौसेने मागून घेतलेले असते.

येथे थोडे घरचे सांगितले पाहिजे. नाहीतर मी हा विषय का घेतला ते कळावयाचे नाही.

आपला तालुका पूर्णेच्या खोऱ्यातला. त्याची बरीच गावे खारपाणपट्ट्यात येतात. हातपंपाचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण गावोगाव आहेत. वान धरणावरून १४० गावांची म्हणून ओळखली जाणारी नळयोजना आली. तरी गावातले पाणी कोणत्या गल्लीत आधी जावे, याचा निर्णय शेवटी पंचायतीच्या सभेतच होतो. मी नववीत असताना वडील तापाने पडले. सभेचा अजेंडा सदस्यांकडे फिरवावयाचा होता. वडिलांनी वही माझ्या हाती दिली आणि बजावले, "सही घेतल्याबिगर येऊ नको."

आठ घरी मी नीट गेले. नववे घर गावाबाहेरच्या वस्तीवर, एका म्हाताऱ्या सदस्य आजींचे. वाटेत हातपंपावर माझ्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या. मी हातात पंचायतीची वही घेऊन दारोदार फिरते, हे त्यांनी पाहू नये असे मला वाटले. तेथेच खेळत असलेल्या एका लहान पोराच्या हाती मी नोटीस दिली, आजीकडे दे म्हटले, आणि परत फिरले. घरी सांगितले की आजी वावरात गेल्या होत्या, सही राहिली.

तो कागद आजींपर्यंत पोचलाच नाही. सभा झाली. गणपूर्ती होती, त्यामुळे सभा अडली नाही. वस्तीवर पाइपलाइन नेण्याचा विषय तिसऱ्या क्रमांकावर होता. वस्तीचा सदस्यच हजर नाही म्हणून तो पुढच्या सभेवर ढकलला गेला, आणि दुसऱ्या गल्लीचे काम आधी घेतले गेले. वस्तीला नळ यायला त्यानंतर चार महिने लागले. चार महिने तेच खारे पाणी. ज्यांना परवडत होते त्यांनी कॅन विकत घेतले. बाकीच्यांनी काय करावे? पुढे आजी रस्त्यात भेटल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुहा बाप आला असता तं मले समजलं असतं वं बाई." त्या दिवशी मी वडिलांना खरे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागद मानसाच्या हाती द्या लागते, पोरी."

पुढच्या सभेची नोटीस घेऊन मी स्वतः गेले. आजींना वाचता येत नव्हते. त्यांनी मला ओट्यावर बसवून सारा अजेंडा वाचावयास लावला, आणि तिसरा विषय दोनदा. तेव्हा प्रथम मला कळले की सदस्याला विषय समजतो तो निरोप्यामुळेच. मधला माणूस चुकला तर निवडून आलेल्या माणसाचे मत तेथेच संपते. आपल्या पाठ्यपुस्तकात गणपूर्ती, प्रस्ताव, दुरुस्ती, मतदान ही सारी प्रकरणे आहेत. कागद फिरवणाराचे प्रकरण कोठेच नाही.

अमेरिकेतील निरोप्यांचे दोन प्रसंग म्हणूनच मला विशेष जवळचे वाटतात. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी प्रतिनिधिगृहात युद्धाची मागणी केली. जॉन डिंगेल नावाचा पंधरा वर्षांचा निरोप्या तेथे होता. एका रेडिओवाल्याचे ध्वनिमुद्रण राष्ट्राध्यक्षांच्या भाषणानंतर बंद होईल यावर लक्ष ठेवण्यास त्याला सांगितले होते. त्याने ते बंद होऊ दिले नाही. त्यामुळे पुढची चर्चाही मुद्रित झाली, आणि युद्धाला विरोध करणाऱ्या जेनेट रँकिन या सदस्या बोलण्याची परवानगी मागत असता त्यांना कसे डावलले गेले, तेही त्यात राहिले. ३८८ विरुद्ध १ असे ते मतदान. त्या एकाचा आवाज आज ऐकावयास मिळतो, तो एका पोराने हुकूम काटेकोर न पाळल्यामुळे. माझ्या चुकीपेक्षा ही चूक किती वेगळी! डिंगेल पुढे त्याच सभागृहाचे सदस्य झाले आणि १९५५ ते २०१५ अशी जवळजवळ साठ वर्षे राहिले. काँग्रेसच्या इतिहासात इतका दीर्घ काळ कोणी बसलेले नाही.

दुसरा प्रसंग १ मार्च १९५४ चा. पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्यवाद्यांनी प्रेक्षकसज्जातून प्रतिनिधिगृहात गोळ्या झाडल्या. पाच सदस्य जखमी झाले. जखमींना स्ट्रेचरवरून बाहेर नेणाऱ्यांत निरोप्यांची सोळा वर्षांची पोरे होती. त्यांपैकी बिल एमर्सन आणि पॉल कांजोर्स्की हे दोघे पुढे याच सभागृहावर निवडून आले, एक एका पक्षातून तर दुसरा दुसऱ्या. आपल्या संसदेवर १३ डिसेंबर २००१ रोजी हल्ला झाला. तेव्हा संसद सचिवालयाच्या सुरक्षा सेवेतील जगदीश प्रसाद यादव आणि मातबरसिंग नेगी यांनी प्राण देऊन हल्लेखोरांची वाट अडविली. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ही मुले नव्हेत, प्रौढ नोकर. पण दाराशी उभा असणारा माणूस सभागृहाचाच भाग असतो, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

सारे चांगलेच आहे असे मात्र नाही. ही संधी बराच काळ गोऱ्या मुलग्यांपुरतीच होती. सिनेटमध्ये पहिला कृष्णवर्णीय निरोप्या १९६५ साली आला, लॉरेन्स ब्रॅडफर्ड. मुलींना प्रवेश मिळाला १९७१ मध्ये, आणि त्यासाठी सिनेटला ठराव करावा लागला. मुलींना पायऱ्यांवर कसे बसता येईल, जड वस्तू कशा उचलता येतील, अशा शंका काढल्या गेल्या. आमच्याकडे मी वही घेऊन फिरते याची कोणाला शंका आली नाही, कारण ते काम कोणालाच हवे नव्हते. शिवाय निवड सिनेटरच्या शिफारशीने होते, म्हणजे वशिल्याचा भाग राहतोच. १९८३ मध्ये दोन प्रतिनिधींनी निरोप्यांशी गैरवर्तन केल्याचे उघड झाले व सभागृहाने त्यांची निर्भर्त्सना केली. त्यानंतर सोळा वर्षांखालील मुले घेणे बंद झाले आणि त्यांच्या राहण्याची नीट व्यवस्था झाली. मोठ्या माणसांच्या सत्तेच्या जागी मुले ठेवावयाची तर त्यांच्यावर कोणाचे तरी सतत लक्ष हवे, हे त्यांना ठेचा खाऊन कळले.

२०११ मध्ये प्रतिनिधिगृहाने आपली निरोप्यांची पद्धतच बंद केली. निरोप आता यंत्राने जातात, आणि वर्षाला पन्नास लाख डॉलरांहून अधिक खर्च वाचतो, असे कारण दिले. हिशेब म्हणून ते खरे असेल. पण निरोप पोचविणे एवढेच ते काम होते काय? सिनेटने ही पद्धत ठेवली. तेथे मुलांची प्रत्येक तुकडी निघताना पक्षनेते सभागृहात उभे राहून त्यांचे आभार मानतात व ते कामकाजात नोंदले जाते. २०२३ च्या जुलैमध्ये एका प्रतिनिधीने रात्री कॅपिटॉलच्या घुमटाखाली पहुडलेल्या या मुलांना अर्वाच्य शब्दांत झापले. तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन्ही पक्षांचे सिनेट-नेते मुलांच्या बाजूने बोलले. कॅनडात थोडी निराळी तऱ्हा आहे. तेथील लोकसभागृहात १९७८ पासून महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील चाळीस विद्यार्थी हे काम करतात. ही व्यवस्था मला अधिक पसंत आहे. शाळकरी वयापेक्षा आपल्या वयाच्या मुलांना ती झेपेल.

आपल्या संसदेत किंवा विधिमंडळात अशी पद्धत नाही. चिठ्ठ्या नेण्याचे काम सचिवालयाचे कर्मचारी करतात. ते त्यांच्या पोटापाण्याचे आहे, आणि ते काढून विद्यार्थ्यांना द्यावे असे कोणीही म्हणणार नाही. शिपायाच्या मुलीने तर नाहीच नाही. विद्यार्थ्यांसाठी आपल्याकडे काय आहे? १९६२ साली मुंबईत भरलेल्या प्रतोदांच्या अखिल भारतीय परिषदेने शाळा-महाविद्यालयांत अभिरूप संसद भरवावी अशी शिफारस केली, आणि १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत युवक संसद सुरू झाली. आपण करतो ती तिचीच नात. दुसरी सोय आपल्या विदर्भातच आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे विद्यापीठांतील राज्यशास्त्र व लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांचा संसदीय अभ्यासवर्ग भरतो. विधिमंडळाच्या प्रशिक्षण केंद्राला वि. स. पागे यांचे नाव आहे. १९६० ते १९७८ विधानपरिषदेचे सभापती आणि रोजगार हमी योजनेचे जनक ते हेच. (नावात 'पेज' लिहून 'पागे' वाचावयाचे, हा इंग्रजी हिज्ज्यांचा योगायोग मला मौजेचा वाटतो.) अभ्यासवर्गात व्याख्याने होतात, कामकाज पाहावयास मिळते. उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण विद्यार्थी तेथे पाहुणा असतो. पायरीवर बसून हाक येण्याची वाट पाहणे आणि सज्जातून पाहणे यांत फरक आहे. वर्षाला पाचपंचवीस विद्यार्थ्यांना, कर्मचाऱ्यांच्या हाताखाली, अधिवेशनापुरते, मानधन देऊन घेतले, तर त्या कर्मचाऱ्यांकडून ते जे शिकतील ते कोणत्या पुस्तकात मिळणार? विधिमंडळाला एवढे जड नाही. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेपासूनही सुरुवात करता येईल. बुलढाणा आम्हाला नागपूरपेक्षा जवळ आहे.

या वर्षीच्या युवक संसदेची यादी फलकावर लागली आहे. चिठ्ठ्या नेणारे म्हणून दोन नावे आहेत. एक माझे, ते मी स्वतः जाऊन लिहिले. दुसरे प्रथम वर्षाच्या एका मुलाचे. तो काल मला विचारीत होता की चिठ्ठी घेऊन निघताना अध्यक्षांच्या समोरून जावयाचे की मागून. मी त्याला लोकसभेच्या सदस्यांसाठी असलेला नियमच सांगितला : बोलणारा सदस्य आणि अध्यक्ष यांच्या मधून जावयाचे नाही, वळसा घालावयाचा. आणि चिठ्ठी मेजावर टाकून यावयाची नाही, हातात द्यावयाची.